जुन्या खुनाची कादंबरी लिहायची असेल, तर आधी फाईल लिहा

माझी पहिली रहस्यकादंबरी छापून आली आणि आठवड्याभरात एका निवृत्त हवालदारांचा फोन आला. कादंबरी आवडली म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बाई, तुमच्या इन्स्पेक्टरनं रक्ताचा शर्ट ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील केलाय. पंधरा वर्षांनी ती पिशवी उघडल्यावर काय निघेल?"

"डीएनए," मी म्हटलं.

"बुरशी," ते म्हणाले.

लाज वाटायचं कारण असं, की मी बत्तीस वर्षं फौजदारी कोर्टात बेंच क्लार्क होते. मुद्देमालाची पुडकी माझ्याच टेबलावर उघडली जायची. कागदाचं पाकीट, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल, सगळं रोज डोळ्यांसमोर. तरी लिहायला बसले तेव्हा टीव्हीवर पाहिलेलं लिहिलं. तेव्हापासून एक नियम पाळते आणि तोच तुम्हाला सांगणार आहे. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

जुनं, बंद पडलेलं प्रकरण पुन्हा उघडणाऱ्या पोलिसांवर कादंबरी लिहायची असेल, तर पहिलं प्रकरण लिहू नका. आधी जुनी फाईल लिहा. अख्खी. वहीत, हातानं, त्या काळच्या हवालदाराच्या भाषेत. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, ससून रुग्णालयाची पीएम (शवविच्छेदनाची) नोट, सात-आठ जणांचे जबाब, सी.ए. (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट, आणि शेवटी कोर्टाला पाठवलेली ए समरी. माझी सध्याची फाईल चौदा पानांची झाली. तिला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत कादंबरीचं एक वाक्यही लिहिलं नाही. पण कथानक त्या चौदा पानांतच सापडलं. कारण जुन्या खुनाच्या कादंबरीत दोन वेगवेगळ्या माणसांना एकच कागद वाचायचा असतो. एकानं तो लिहिताना वाचला, दुसरी तीस वर्षांनी वाचते. कागदच नसेल तर त्या दोघांना भेटायला जागा कुठली?

ए समरी म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुन्हा खरा आहे, पण आरोपी मिळत नाही, असा पोलिसांचा अहवाल. बी समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. सी समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली, किंवा मामला मुळात दिवाणी. पुण्यातल्या तुमच्या कादंबरीत कुणी 'कोल्ड केस' म्हणत असेल तर तो एखादा पत्रकार असू द्या. जुना हवालदार म्हणेल, "ते ए समरीत गेलंय, साहेब."

आता तारीख. खुनाची तारीख अशी निवडा, की तो दिवस लोकांना आपोआप आठवेल. तीस वर्षांनी साक्षीदाराला विचारलं, "१४ जूनला रात्री कुठे होता?" तर कुणाला सांगता येणार? पण २१ सप्टेंबर १९९५ ला, म्हणजे गणपती दूध प्यायला त्या दिवशी, आपण कुठल्या देवळाच्या रांगेत होतो ते अर्ध्या पुण्याला सांगता येईल. आमच्या आधीच्या पिढीला १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर, घड्याळ लावून आठवायचा.

मी घेतली २९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी. लक्ष्मी रोडवर मिरवणूक, पेठांतले वाडे रिकामे, म्हाताऱ्याकोताऱ्या तेवढ्या घरात. आणि त्याच रात्री, म्हणजे ३० तारखेच्या पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादकडे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या दुःखाला सजावटीसारखं वापरू नये, हे मी स्वतःला दहा वेळा बजावलं. पण लेखकाच्या दृष्टीनं ती वेळ म्हणजे फाईलमध्ये ठोकलेला खिळा आहे. खुनाची वेळ डॉक्टर कधीच मिनिटावर सांगत नाही, तो एवढ्या तासांपासून एवढ्या तासांपर्यंत असं सांगतो. भूकंप मात्र मिनिटावर नोंदलेला असतो.

माझ्या फाईलमधला पंचनामा थोडा दाखवते, म्हणजे काय म्हणते ते कळेल. नारायण पेठेतला वाडा, वरच्या मजल्यावर एकटी राहणारी एकाहत्तर वर्षांची घरमालकीण.

"…सदर खोली पूर्व-पश्चिम अंदाजे १२ फूट व दक्षिणोत्तर अंदाजे ९ फूट असून जमीन शहाबादी फरशीची आहे. उत्तरेच्या भिंतीस जमिनीपासून अंदाजे साडेसहा फुटांवर लाकडी फळी असून त्यावर पितळी भांडी नग १० मांडलेली आहेत. एक पितळी तांब्या फळीखाली जमिनीवर पालथा पडलेला आहे. तांब्याभोवती रक्त सांडलेले असून तांब्या उचलून पाहता त्याखालील वाटोळी जागा कोरडी दिसते. मयताच्या हातात पाटल्या दिसून येत नाहीत…"

पंचनामा लिहिताना 'दिसते', 'दिसून येत नाही' हेच शब्द वापरायचे. पंचनाम्याला मत नसतं. तो अंदाज करत नाही, डोळ्यांना दिसलं तेवढं मोजून ठेवतो, आणि म्हणून तीस वर्षांनीही ताजा राहतो. तांब्याखालची फरशी कोरडी, म्हणजे तांब्या आधी पडला, रक्त मागाहून सांडलं. मग तांब्या कधी पडला? तेव्हाच्या निरीक्षकांनी धरलं, झटापटीत पडला असेल. माझी आजची निरीक्षक ते पान पाच वेळा वाचते आणि सहाव्यांदा फळीच्या उंचीवर थबकते. साडेसहा फूट. एकाहत्तर वर्षांच्या बाईची झटापट तिथवर पोचते का?

तांब्या भूकंपानं पडला, म्हणजे खून त्यानंतरचा. पण इथे एक कबुली. पुणं किल्लारीपासून लांब, इथला धक्का तसा सौम्य. नीट मागे ठेवलेला तांब्या त्यानं पडायचा नाही. म्हणून मला पहिल्याच प्रकरणात म्हातारीला टाचा उंचावून तो तांब्या फळीच्या अगदी कडेला सरकवताना दाखवावं लागलं. वाचकाला वाटतं म्हातारपण दाखवलंय. वाटू दे.

पहिला तपास करणाऱ्याला मूर्ख किंवा लाचखाऊ करू नका. नवे लेखक नव्वद टक्के वेळा हेच करतात (हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय, मोजलेला नाही). १९९३ चा तो निरीक्षक दीड दिवस बंदोबस्तावर उभा होता. बंदोबस्त सुटल्यावर झोपायला निघाला आणि वाड्यातून निरोप आला. शेजारणीनं सांगितलं, रात्री अकराच्या सुमारास वरून भांडणाचा आवाज आला, मग आम्ही मिरवणूक बघायला गेलो. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेत अकरा बसत होते. पाटल्या गेलेल्या, म्हणजे चोरी. त्यानं मिरवणुकीच्या गर्दीचा फायदा घेणारे पेठेतले सगळे भुरटे चोर आणून बसवले. म्हातारीच्या पुतण्याकडेही चौकशी केली; तो दहा ते एक मंडळाच्या गाडीबरोबर होता, तिघांनी सांगितलं. तुम्ही आम्ही असतो तरी तेच केलं असतं. चूक एवढीच, की अकरा ही वेळ एकदा मनात बसली आणि पुढचे सगळे प्रश्न अकराच्या आसपासचे विचारले गेले. अशी सरळ, माणसाला शोभणारी चूक शोधायला वेळ लागतो. पण तोच निरीक्षक आज ऐंशीचा म्हातारा म्हणून कादंबरीत परत येतो, दार उघडतो आणि म्हणतो, "त्या बाईंचंच ना?" तेव्हा तुम्हाला त्या वेळेची किंमत कळते.

प्रकरण पुन्हा उघडतं कशानं? आपल्याकडे पोलीस ठाण्यात रिकामटेकडे, हुशार, दुःखी अधिकारी जुन्या फायली चाळत बसलेले नसतात. त्यांना आजचेच गुन्हे झेपत नाहीत. काहीतरी बाहेरून येऊन आदळावं लागतं: वारसाचा अर्ज, दुसऱ्या गुन्ह्यात पकडलेल्याचं बोलणं, वरिष्ठांचा आदेश. पुण्यात राहणाऱ्या लेखकाला मात्र एक देणगी आहे. वाडा पडतो. पेठांत रोज कुठे ना कुठे पुनर्विकास चाललेला असतो, आणि वाडा पाडताना जे निघतं ते कुठल्याही कपाटात निघत नाही. कोनाड्यामागची पोकळी, बुजवलेला हौद, कडीपाटाच्या छताच्या वरची माती. माझ्या कादंबरीत २०२४ मध्ये मजूर कडीपाट काढतो आणि तुळईच्या खाचेतून एक पुडकं पडतं. २९ सप्टेंबर १९९३ च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन पाटल्या.

चोरानं चोरलेल्या पाटल्या वाड्यातच राहिल्या, म्हणजे तो चोर नव्हता. चोरी दिसावी एवढंच त्याला हवं होतं. एका पुडक्यात जुना सिद्धांत कोसळला आणि निरीक्षकबाईंना फाईल मागवायला कारण मिळालं.

फाईल लगेच मिळू देऊ नका, एवढंच सांगते. शहर बदललंय, हद्दी बदलल्यात. चिंचवडचा जुना गुन्हा घेतलात तर लक्षात ठेवा, १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे, म्हणजे कागद एका आयुक्तालयातून दुसऱ्याकडे गेले. मुद्देमाल तर बहुधा नसतोच. समरी मंजूर झाली की कोर्ट मुद्देमालाची विल्हेवाट लावायला सांगतं. दागिने वारसांना जातात, रक्ताचे कपडे नष्ट होतात. तांब्या कुठे गेला? वारसाकडे. वारस कोण? पुतण्या. ही ओळ मला रेकॉर्डरूमच्या सवयीनं सुचली, प्रतिभेनं नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण यावर वाचक सगळ्यांत जास्त चुका पकडतात. खुनाला मुदत नाही. गुन्ह्याची दखल घ्यायची मुदत तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना असते. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, तरी १९९३ चा खून भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खालीच राहतो. तुमच्या निरीक्षकानं ऐटीत नव्या न्याय संहितेतलं 'कलम १०३' म्हटलं की कोर्टातला शिपाईसुद्धा हसेल. समरीनंतर पोलीस करतात तो 'पुढील तपास'. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७३(८), तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत १९३(९). फेरतपास, म्हणजे पाटी पुसून पहिल्यापासून, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती ठाण्याच्या मर्जीवर होत नाही. आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. चौकशीच्या खोलीत आरोपी रडत रडत सगळं सांगतो आणि कादंबरी संपते, असा शेवट लिहिलात तर माझ्या मते तुमचा खुनी निर्दोष सुटला. तुम्हाला पत्ता नाही, इतकंच.

विज्ञानाचंही असंच. शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांनी इंग्लंडमध्ये डीएनएचा ठसा शोधला १९८४ मध्ये, पण १९९३ च्या फाईलमधल्या सी.ए. रिपोर्टात 'मानवी रक्त, गट बी' एवढंच लिहा. आज बोटांच्या ठशांसाठी नाफिस ही देशपातळीवरची यंत्रणा आहे, २०२२ पासूनची. तिच्यात जुना ठसा टाकला की नाव बाहेर येतं, असं लिहायचा मोह होईल. पण ती यंत्रणा पोलिसांच्या नोंदीत आलेल्यांनाच ओळखते. माझा पुतण्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्याच्या नावावर सिग्नल तोडल्याची पावतीसुद्धा नाही. दाराच्या कडीवरचा रक्तातला ठसा त्याचाच आहे, पण तो जुळवायला आधी त्याच्यावर संशय यायला हवा. संशय माणसाला येतो. मशीन नंतर.

तो कसा आला, ते या कादंबरीतलं मला सगळ्यांत आवडलेलं पान. निरीक्षकबाई कोथरूडला त्याच्या घरी जातात. साध्या कपड्यात, पाटल्या परत करायच्या निमित्तानं.

"त्या रात्रीचं काही आठवतं का, काका?"

"काय आठवणार मॅडम, एकतीस वर्षं झाली. भूकंप झाला तेवढा आठवतो."

"तुम्हाला जाणवला?"

"जाणवला म्हणजे? फळीवरची भांडी अशी खणखणली, मला आधी वाटलं मांजर शिरलं."

निरीक्षकबाई काही लिहून घेत नाहीत. आतून चहा येतो. त्या कप हातात घेतात आणि त्याच्या बायकोला विचारतात, "काकू, यात गवती चहा घातलाय ना?"

फाईलमधल्या त्याच्या १९९३ च्या जबाबात आहे: "मी रात्री ९ पासून सकाळी ७ पर्यंत मिरवणुकीत असून पहाटेच्या सुमारास अलका टॉकीज चौकात मंडळाच्या गाडीसोबत हजर होतो." ढोल-ताशात, रस्त्यावर, गाडीच्या शेजारी उभ्या माणसाला कसली फळी आणि कसली भांडी? एकतीस वर्षांत तो आपलं खोटं विसरला. खोटं एकदा सांगितलं की काम झालेलं असतं, ते जपून ठेवायला कुणी जात नाही. अंगानं भोगलेलं मात्र राहतं. जुन्या खुनाच्या कादंबरीत हे तुमचं मुख्य हत्यार आहे, आणि ते फक्त जुना जबाब आधी लिहून ठेवलेला असेल तरच चालतं. पुढच्या प्रकरणात सुचलं म्हणून मागे घुसडलेला जबाब वाचकाला लगेच वास मारतो.

जुना जबाब आणि आजचं बोलणं, हे दोन्ही धागे आहेत, पुरावा नाही. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही नसते आणि तो आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. निरीक्षकबाईंना हे ठाऊक आहे, म्हणून तर त्या चहाबद्दल बोलतात.

काळाचे तपशील फाईल लिहितानाच तपासा. १९९३ मध्ये मोबाइल नाही. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा. पुण्याचा एसटीडी कोड ०२१२, घरचा फोन सहा आकडी. बस पीएमटीची, पीएमपीएमएल हे नाव २००७ पासून. मुंबईहून येणारा साक्षीदार द्रुतगती मार्गानं आणू नका, जुन्या घाटानं आणा. डेक्कनवर नटराज टॉकीज उभं आहे, पाडू नका अजून. वाड्यातल्या भाडेकरूचं भाडं किती, ते आजोबांना विचारा. आकडा ऐकून तुम्हाला खुनाचा हेतूही मिळून जाईल.

आडनावांचं मात्र मला अजून जमलेलं नाही. पुण्यात पात्राला आडनाव दिलं की वाचक पहिल्यांदा पेठ शोधतो, मग जात, आणि मग खुनी कोण ते स्वतःच ठरवतो. माझी निरीक्षक दोनशे पानं 'मॅडम' आहे. संपादकांनी विचारलं तर म्हणेन शैली आहे. ठाण्याचं नावही मोघम ठेवते. आणि खरं प्रकरण उचलत नाही. जोशी-अभ्यंकर कुटुंबांतल्या खुनांमुळे १९७६-७७ मध्ये या शहरानं दिवेलागणीला दारं लावून घेतली होती. ज्यांनी ते दिवस काढले ते अजून शेजारी राहतात.

भाषेबद्दल एकच. फाईलची भाषा फाईलमध्येच ठेवा. 'सदर इसम', 'मजकूर', 'येणेप्रमाणे' हे शब्द पंचनाम्यात सुंदर दिसतात आणि संवादात मारून टाकतात. कुठलाही हवालदार घरी बायकोला "सदर भाजी खारट दिसून येते" म्हणत नाही.

लिहून झालं की कुणाला तरी दाखवा, आणि साहित्यिकाला दाखवू नका. मी त्या हवालदारांनाच दाखवते, बुरशीवाल्या. ते चष्मा कपाळावर ठेवून पेन्सिलनं खुणा करतात, चहा दोनदा घेतात. परवा चौदा पानांची फाईल वाचून झाल्यावर त्यांनी पंचनाम्याच्या पानावर बोट ठेवलं.

"तांब्यावर नाव कुणाचं?"

"कसलं नाव?"

"पितळी तांब्या, पेठेतलं जुनं घर, आणि नाव घातलेलं नाही? पंचांनी उचलून पाहिला म्हणता. मग नाव लिहिल्याशिवाय राहतील का ते?"

खरं होतं. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव आहे, सासूबाईंच्या परातीवर तर तारखेसकट. मी घरी येऊन तांब्यावर म्हातारीचं नाव घालायला बसले, आणि हात थांबला. त्यावर तिचं नाव नसलंच तर? तिच्या जावेचं असलं तर, म्हणजे पुतण्याच्या आईचं?

पंचनाम्यात अर्धी ओळ वाढली. आता चौथ्या प्रकरणापासून सगळं पुन्हा लिहायला घेतलंय.